घाटातलं आख्यान

"हे काय रे दिगू? नळाची पाईप?" मथूताई गाडीच्या बॉनेटमध्ये वाकून बघत म्हणाल्या.

"होती नळाची. आता गाडीची," मी म्हटलं. "या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकपच्या डोक्यापासून त्या बाजूच्या शॉकपपर्यंत पक्की आवळलीय. वळणावर गाडीचं अंग पिळवटतं ना, ते आता पिळवटायचं नाही."

"आणि पाणी?"

"पाणी नाही येत त्यातून, ताई," मागून सदूकाका गुरव म्हणाले. "आलं असतं तर निदान गाडी तरी धुतली असती याने."

चैत्र शुद्ध अष्टमीची संध्याकाळ. देवरुखात माझ्या गॅरेजच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. दुसऱ्या दिवशी रामनवमी, आणि मथूताई आपट्यांचं रामजन्माचं कीर्तन आंबा घाटाच्या वर, करंजवडीच्या राममंदिरात. तिथली ही सेवा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. वडील गेल्यावर ताईंनी नऊवारी नेसून, चिपळ्या हातात घेऊन ती उचलली, तेव्हा गावात कुजबुज झाली होती म्हणे, की बाईमाणूस जन्माचं कीर्तन कसं करणार. पहिल्याच वर्षी बरोबर बाराच्या ठोक्याला पाळणा हलला आणि कुजबुज संपली. आता ताई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पेटीवर सदूकाका, तबल्यावर मी. दिवसभर पाने आणि ग्रीस, संध्याकाळी हात राखेने घासून तबला, असं माझं आयुष्य चाललेलं. कीर्तन असलं की मला जेवणाची शुद्ध नसायची.

करंजवडीचा रिवाज असा, की गाभाऱ्यापुढे पडदा धरतात आणि पुजारी घड्याळ घेऊन पडद्याच्या आत बसतो. बाहेर कुठे घड्याळ नाही. साडेदहाला उभं राहिलेल्या कीर्तनकाराने निरूपणाचा पूर्वरंग करायचा, बाराला चाळीस मिनिटं असताना पुजारी आतून घंटा देतो तेव्हा बुक्का-हार घेऊन आख्यान लावायचं, आणि आख्यानातला जन्म नेमका बाराला आणायचा. जन्माचं पद आणि पडदा एकदम. लवकर नाही, उशिरा नाही. आधी जन्म म्हणून मोकळं व्हायचं आणि मग पडद्याकडे बघत बसायचं, हे तिथे खपत नाही.

गेल्या वर्षी ते चुकलं होतं. ताई आख्यानात अडखळल्या, एक पद दोनदा म्हणाल्या, आणि पडदा उघडला तेव्हा राजाच्या यज्ञात अजून समिधाच पडत होत्या. लोकांनी गुलाल उधळला तो ताईंच्या अर्ध्या वाक्यावर. पंधरा-वीस मिनिटांचा फरक. देवस्थानचे पंच यशवंतराव सरनोबत तोंडाने काही वावगं बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले, "वय झालं की देवसुद्धा समजून घेतो. अजून एक वर्ष बघू."

परतताना मी विचारलं होतं, "ताई, काय झालं?"

"काही नाही रे. गाडी लागली. घाटात पोटात ढवळलं."

ते वाक्य वर्षभर माझ्या मनात राहिलं, कारण गाडी माझी होती. त्याआधी चाळीस वर्षं ताई सकाळच्या एसटीने जायच्या. ती फेरी बंद झाली, आणि त्याच सुमाराला मी एक जुनी आठशे सीसीची पांढरी गाडी हौसेने घेतली होती. पहिल्यांदा गाडीतून नेलं आणि पहिल्यांदा जन्म चुकला. मऊ, उंच, सायकलच्या चाकांसारखी बारीक चाकं. वळणावर अशी कलायची की होडीत बसल्यासारखं वाटावं. मी ठरवलं, पुढच्या रामनवमीच्या आत या होडीची गाडी करायची.

त्याला फार मोठी थैली लागली नाही. कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून एक इंचाने मोठ्या रिमा आणल्या, त्यावर रुंद टायर घातले. चारही शॉकप बदलून गॅसचे घातले. गाडी कलू न देणाऱ्या बॅलन्सिंग रॉडचे रबरी बुश चिंधीसारखे झाले होते, तिथे कडक बुश ठोकले. ब्रेकचे पॅड नवे. कार्ब्युरेटर उघडून, पेट्रोलमध्ये धुऊन, चढावर दम टाकणार नाही असा लावला. आणि शेवटी ती पाईप. दोन्ही टोकं तापवून चपटी केली, भोकं पाडली आणि बसवली. ती बसली त्या रात्री मला समेवर आल्यासारखं वाटलं होतं.

चाचणीला सदूकाकांना पेटी मांडीवर देऊन मागे बसवलं आणि गावाबाहेरची वळणं झपाझप मारून आणली.

"कसं वाटलं, काका?"

"पूर्वी पेटी सरकायची आणि मी गप्प बसायचो. आता पेटी गप्प आहे, माझी हाडं वाजतात."

"पण गाडी कलली?"

"नाही. हे मात्र खरं. मेल्या, कलली नाही."

एवढं प्रमाणपत्र मला पुरे होतं.

त्या संध्याकाळी बॉनेट लावल्यावर ताईंनी चाकांकडे, पाईपकडे, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंस होय हे सगळं?"

"मग कोणासाठी?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या सातला निघू. घाटात हळू चालव हो."

"सातला कशाला? पावणेआठ पुष्कळ झाले. आणि हळू चालवायची आता गरजच उरली नाही, ताई!"

त्या काहीतरी बोलणार होत्या. पण मी इतका खुशीत होतो, की त्यांनी नुसती मान हलवली.

*

सकाळी साखरपा मागे टाकून घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा साडेआठ वाजले होते. ताई पुढे, माझ्या डाव्या हाताला. मांडीवर चिपळ्यांची पिशवी. मागे सदूकाका, पेटी आणि तबला-डग्गा.

घाट लागला आणि गाडीने जीव ओवाळून टाकावा अशी चाल दाखवली. वळण यायचं, मी एक गिअर कमी करायचो, चाक फिरवायचो, आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी सपाट वळून पुढच्या चढाला लागायची. ना कलणं, ना टायरचं ओरडणं. दोन जीप मागे टाकल्या. मी अधूनमधून ताईंकडे बघत होतो. ओठ हलत होते, डावीकडच्या काचेतून बाहेर नजर. मला वाटलं, नामस्मरण चाललंय.

वीस मिनिटांत आम्ही माथ्यावर होतो. मी हसत विचारलं, "काय ताई? आज ढवळलं का?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"थांबव," त्या म्हणाल्या.

मी बाजूला घेतली. त्या उतरल्या आणि कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. वाटलं, आता उलटी होणार. माझा महिनाभराचा खटाटोप कठड्याखाली जाणार.

"पाणी नको. मला काही होत नाहीये."

"मग?"

"दिगू, मला कधीच गाडी लागली नाही. गेल्या वर्षीही नाही. मी खोटं बोलले."

खाली घाटातून एक ट्रक चढत होता, त्याचा आवाज वर येत होता. ताई त्या आवाजाकडे कान देऊन बोलत होत्या.

"बाबांनी हे आख्यान मला घाटात शिकवलं. एसटीत शेजारी बसवून. दर वर्षी. पहिलं वळण लागलं की साकीचं पद. पुढच्या वळणावर दिंडीचं. झऱ्याजवळ ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायला थांबायचा, तिथे पायसाची गोष्ट. ओढ्याच्या मोरीवर गाडी अगदी रांगायला लागायची, तिथे थोरल्या राणीचं पद. वर खिंडीत भरभर म्हणायचा कटाव, आणि माथ्यावर जन्म. चाळीस मिनिटं. तेवढाच माझा आख्यानाचा उत्तररंग. घड्याळ नाही म्हणून लोकांना नवल वाटतं. माझं घड्याळ हे आहे." त्यांनी खाली, झाडीतून दिसणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"पण ताई, तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"होतं. दोन वर्षं झाली. पदं निसटतात. घरी बसून म्हणते तेव्हा सगळी येतात, उभी राहिले की जातात. त्या सकाळी घाटातून गेलं, की जे ते पद आपापल्या जागी येऊन बसतं. गेल्या वर्षी तू भरभर आणलंस. यज्ञावर होते तोवर माथा आला. आणि आज तर पहिलं वळण सरलं तरी साकीसुद्धा पुरी झाली नाही."

"सांगायचं नाही का मला!"

"काय सांगू? मला विसरायला होतंय म्हणून? सरनोबतांच्या कानावर जायला किती वेळ? आणि तू एवढ्या मायेने ती पाईप दाखवत होतास." त्यांचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. "आज चुकलं तर ते मला काढतील, दिगू. काढू देत. पण बाबांचं आख्यान चुकत-माकत संपलं, असं नको व्हायला."

मी घड्याळ बघितलं. नऊला पाच कमी. माथ्यापासून करंजवडी अर्धा तास. कीर्तन साडेदहाला.

"बसा," मी म्हटलं.

"कुठे?"

"खाली जाऊ आणि परत चढू. एसटीच्या चालीने."

"वेळ पुरेल?"

"चढायला चाळीस मिनिटं तुमची. उतरायचा वेळ माझ्याकडे लागला."

ताई बसल्या. पदर खोचला, दाराची कडी धरली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"डोळे का मिटलेत, ताई?" सदूकाकांनी विचारलं.

"आख्यान उलटं नको दिसायला."

तो उतार मी आजवर कुणाला नीट सांगितलेला नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. वळणाच्या अलीकडे ब्रेक, मग चाक, मग हलकेच ॲक्सिलेटर. रुंद टायर रस्त्याला घोरपडीसारखे चिकटून राहिले. नवे पॅड एकदाही तापून सुटले नाहीत. आंधळ्या वळणावर हॉर्न आणि आपली बाजू. घाई केली, आगाऊपणा केला नाही. महिनाभर मी जे जे आवळलं होतं ते सगळं त्या सतरा मिनिटांत कामाला आलं. मागे सदूकाका पेटीला मिठी मारून मोठ्याने रामरक्षा म्हणत होते. ती पायथ्यापर्यंत तीन वेळा झाली.

पायथ्याशी गाडी वळवली. ताईंनी डोळे उघडले.

"हं. आता दुसरा गिअर टाक, आणि मी सांगेन तेव्हा थांब."

मग आम्ही चढलो. अशी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. काटा वीसच्या पुढे जात नव्हता. मागच्या जीपांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला, मघाशी मी दोन जीप मागे टाकल्या त्याची ही परतफेडच. चिरे भरलेला एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "धक्का देऊ काय, पावणं?"

"दे बाबा, पण तालात दे," सदूकाका ओरडले.

ताईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. पहिल्या वळणावर त्यांनी साकी उचलली. मोठ्याने नाही, पण स्पष्ट.

"रित्या अंगणी पाऊल नाही, राजा दारी जागे..."

वळण संपलं तशी साकी संपली. पुढच्या वळणावर दिंडी. झऱ्याशी त्यांनी हात वर केला, मी थांबलो. इंजिनात पाणी घालायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ आम्ही नुसते उभे राहिलो आणि ताईंच्या गोष्टीत पायसाच्या वाट्या वाटल्या गेल्या. मोरीवरचा चढ सरळ अंगावर येतो. तिथे मला पहिला गिअर टाकावा लागला, इंजिन खालच्या सुरात घुमायला लागलं, आणि त्या घुमण्यावर ताईंनी थोरल्या राणीचं पद इतकं सावकाश सोडलं, की माझी बोटं स्टिअरिंगवर आपोआप ठेका धरायला लागली. खिंडीत कटाव झाला. माथ्यावर जन्म झाला.

घड्याळात नऊ वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

*

साडेदहाला सात मिनिटं असताना पोचलो. सरनोबत मंडपाच्या दारातच उभे होते. "उशीर केलात. वाटलं, पुन्हा गाडी लागली की काय."

"गाडीच लागली होती," सदूकाका म्हणाले. "पण यंदा चांगली लागली."

पूर्वरंग सुरेख झाला. बुक्का लागला, हार पडला. ताईंनी चिपळ्या वाजवल्या आणि साकी उचलली. मंडपात सहाशे माणूस असेल, पण मला एकटी बाई दिसत होती, काचेतून डावीकडे बघणारी. दिंडीच्या वेळी त्या किंचित उजवीकडे झुकल्या, तेव्हा कुठलं वळण आलं ते मला कळलं. झऱ्याशी थांबल्या. लोकांना वाटलं, कीर्तनकारांनी काय सुंदर विराम घेतला. पायसाच्या वाट्या वाटल्या. आणि मग...

मग काही नाही. चिपळ्या चालू, ओठ मिटलेले. सदूकाकांनी पेटीवर एकदा सूर फिरवून आणला, दोनदा आणला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मंडप नव्हता, गाव नव्हतं. अनोळखी रस्त्यावर उतरलेल्या माणसाची नजर होती ती. पहिल्या ओळीत सरनोबत खुर्चीवर पुढे सरकले.

पद मला येत नव्हतं. शब्दाने मी मदत करू शकत नव्हतो. मला फक्त एवढं माहीत होतं, की झऱ्यानंतर मोरी येते आणि मोरीवर पहिला गिअर लागतो. मी ठेका निम्म्यावर आणला. तबल्यावरचा हात जवळजवळ उचलला आणि डग्ग्यावर तळहात दाबून तो घुमवायला लागलो. खोल, जड, चढणीला लागलेल्या इंजिनासारखा. घुम् आणि वर ओढून घुम्.

दोन आवर्तनं गेली. तिसऱ्याला ताईंनी मान वर केली आणि थोरल्या राणीचं पद आलं. सावकाश, सबंध, एक अक्षर इकडचं तिकडे न होता.

पुढे सगळा रस्ता ओळखीचा होता. खिंडीत कटाव असा उसळला, की म्हातारी माणसं बसल्या जागी डोलायला लागली. मग ताईंनी चिपळ्या वर उचलल्या, जन्माच्या पदाचा पहिला शब्द उच्चारला, आणि त्याच क्षणी पडदा सरकला, घंटा झाली, गुलाल उडाला. आत पुजाऱ्याच्या हातातल्या घड्याळाचे दोन्ही काटे एकावर एक होते. मी ते स्वतः बघितलं नाही. मला समोर काहीच दिसत नव्हतं, गुलालाने म्हणा की कशाने.

पाळणा झाला, सुंठवडा वाटला. सरनोबत हात जोडून पुढे आले. "मथूताई, काट्यावर काटा! मी गेल्या वर्षी उगाच बोललो, मनावर घेऊ नका. पुढच्या वर्षीच्या सेवेचा नारळ आत्ताच देतो."

"नारळ द्या," ताई म्हणाल्या, "पण पुढच्या वर्षी मी नाही."

"असं कसं! का?"

"आज सगळं जागच्या जागी झालं म्हणून."

"मग सेवा कोण करणार?"

"बघते." त्यांनी नारळ ओटीत घेतला आणि प्रसादाला बसायला निघून गेल्या.

*

चारच्या सुमाराला परत निघालो. उतारावर मी गाडी न सांगता हळू घेतली. ताई डोळे मिटून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्या. पायथा आला. सपाट रस्ता लागला.

"दिगू, मोरीवर मी अडकले ते तुला कसं कळलं?"

"सकाळी गाडी मीच चढवली ना."

"सदूही होता गाडीत. त्याला नाही कळलं."

"मी रामरक्षेत होतो," सदूकाका म्हणाले.

थोडा रस्ता गेला. मग ताईंनी ओटीतला नारळ काढून गिअरच्या पुढच्या कप्प्यात, पाने ठेवतो तिथे ठेवला.

"गाडी वळव."

"काही राहिलं का वर?"

"राहिलंय. वळव."

मी वळवली. घाट समोर आला. उन्हं कलली होती, पण रस्ता अजून उजेडात होता.

"दुसऱ्या गिअरमध्ये घे. पहिलं वळण आलं की साकी. मी आधी म्हणते, मग तू."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा पाय ॲक्सिलेटरवरून निघाला. "ताई, मी तबलजी. गॅरेजवाला माणूस. मी कधी उभा राहिलो नाही. गळा नाही. लोक काय म्हणतील?"

"मी उभी राहिले तेव्हाही म्हणाले होते."

"नखं तेवढी घासून उभा राहा," सदूकाका मागून म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता. "बाकीचं पेटी सांभाळेल."

गाडी रांगत होती. झाडांची सावली काचेवर आली, वळण दिसायला लागलं. ताईंनी साकी एकदा म्हणून दाखवली आणि थांबल्या. मी चाक फिरवायला सुरुवात केली.

"हं," ताई म्हणाल्या. "म्हण. वळण संपायच्या आत."

"रित्या अंगणी..." मी म्हटलं.